नकाशात नसलेलं फाटक

“त्या जागी फाटक कधीच नव्हतं,” असं म्हणत कंपनीच्या वकिलाने मोजणी कार्यालयातल्या टेबलावर नकाशा पसरला. नकाशा गुंडाळून गुंडाळून कडक झाला होता. मग चार कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवून त्याने तो दाबला: पंचिंग मशीन, शिक्क्याची डबी, पाण्याचा ग्लास आणि स्वतःचा मोबाइल.

मावशींनी चष्मा लावून वाकून पाहिलं. रेल्वेच्या त्या फाटकावर त्यांनी एकोणीस वर्षं नोकरी केली होती. नकाशात तिथे कोरा कागद होता.

रूळ उखडून नेले त्याला बारा वर्षं झाली. आता ती जमीन घेतलेल्या कंपनीला तिथे भिंत घालायची होती. फाटक होतं हे सिद्ध झालं, तर तिथून जाणारी पायवाट लोकांसाठी सोडावी लागणार होती. नाही झालं, तर पलीकडच्या वस्तीने शाळेला आणि दवाखान्याला तीन किलोमीटर वळसा घालून जायचं.

“कागद काही आहे का, ताई?” मोजणी अधिकाऱ्याने विचारलं. माणूस वयाने लहान, बोलायला मऊ. “नेमणुकीचं पत्र, एखादा फोटो?”

“कागद स्टेशनात होते. स्टेशन पाडलं, कागदही गेले. माणसं उरलीत, ती आणलीत.”

बाकावर दोन म्हातारे बसले होते. एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर, दुसरा टेलर. टेलरने रेल्वेत एक दिवसही नोकरी केली नव्हती, पण कुठलं इंजिन आलंय हे तो मशीनवरून मान वर न करता सांगायचा. दर रविवारी मावशी धरून हे तिघे त्याच्या दुकानात इंजिनांच्या गप्पा हाणत बसत. घरचे या बैठकीला ‘वाफेचं मंडळ’ म्हणत.

ड्रायव्हर उठला. “सकाळी नऊची मालगाडी मी आणायचो, साहेब. मुकी घेऊन.”

“मुकी कोण?”

“इंजिन. तिची शिट्टी धड वाजायचीच नाही. म्हणून मी फाटकाशी गाडी अगदी सावकाश घ्यायचो.”

“काहीतरीच!” टेलर ताडकन उभा राहिला. “नऊला सासूबाई यायची. पाण्याच्या टाकीपासून जी बोंबलत सुटायची, ती लाकडाच्या वखारीपर्यंत तोंड बंद नाही! तिच्या आवाजावर मी दुकान उघडायचो.”

“सासूबाई संध्याकाळची रे!”

“संध्याकाळी ठसकेवाली. चढावर खोकायची ती.”

“इंजिन मी चालवायचो का तू?”

“चालवणाऱ्याला काय ऐकू येतंय? ऐकायचो मी!”

“आणि टाकी वखारीच्या अलीकडे होती का पलीकडे, तेवढं आधी आठव.”

कारकुनाने तोंडावर फाइल धरली. वकील खुर्चीत मागे रेलला.

“बघा साहेब. यांचं यांच्यातच जुळत नाही. टाकी आज जागेवर नाही, वखार नाही, इंजिनांची नावं तर काय विचारूच नका. एवढ्यावर आमची भिंत अडवायची?”

ड्रायव्हर खाली बसला. टेलरने गळ्यातली टेप काढून खिशात घातली. सकाळी घाईत ती गळ्यात तशीच राहिली होती, हे त्याला आत्ता कळलं.

मावशींचे कान तापले. दोघांना तिथेच चांगलं झापावं असं त्यांना वाटून गेलं. पण त्या वळल्या वकिलाकडे.

“वकीलसाहेब, खोटंच बोलायचं असतं, तर घरूनच एकमत करून आलो असतो.”

वकील खुर्चीत सरळ बसला.

“या दोघांचं इंजिनावरून वीस वर्षं वाजतंय,” मावशी म्हणाल्या. “उद्याही वाजेल. फाटकावरून कधी वाजलं का, ते विचारा.”

अधिकाऱ्याने बाकाकडे पाहिलं. “फाटक होतं?”

“होतं!” दोघे एकदम म्हणाले आणि आपलं एकमत झालं म्हणून एकमेकांकडे रागाने बघू लागले.

अधिकाऱ्याने मावशींचा जबाब सांगितला, कारकुनाने टाइप केला. छापून आलेला कागद मावशी ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या. तिसऱ्या ओळीला बोट थांबलं.

“‘सदर ठिकाणी फाटक असल्याचे ऐकिवात आहे.’ हे काय?”

“तशी पद्धत असते, ताई.”

“ऐकिवात? एकोणीस वर्षं याच हातांनी लावलं आणि उघडलं. पहिल्या उन्हाळ्यात तापलेल्या साखळीने हाताचं सालटं निघालं होतं. ‘होते’ लिहा. त्याशिवाय सही नाही.”

“एका शब्दाचा तर प्रश्न आहे,” वकील हसला.

“हो ना. मग तुम्हीच सांगा त्यांना, बदला म्हणून.”

अधिकाऱ्याने पेन उघडलं, शेवटचे तीन शब्द खोडले, वर हाताने दुरुस्ती केली आणि बाजूला आपली सही केली.

“परवा मी स्वतः जागा बघायला येतो. तोपर्यंत भिंतीचं काम बंद ठेवा.”

मावशी घरी निघाल्या त्या मुद्दाम पायवाटेनेच. कंपनीच्या माणसांनी पायवाटेवर आडवी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. रूळ होते तिथे मध्यावर त्या उभ्या राहिल्या आणि सवयीने आधी डावीकडे, मग उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे नुसतं गवत.

वस्तीकडून एक बाई सायकलवर येत होती. मागे कॅरियरवर दप्तर घेतलेली मुलगी. मावशी मधोमध उभ्या दिसताच बाईने ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला आणि ती थांबून राहिली.

“आई, का थांबलीस?” मुलीने विचारलं. तिने इथे आगगाडी कधी पाहिलीच नव्हती.

“मावशींनी अजून हात नाही केला.”

मावशींनी पुन्हा एकदा दोन्हीकडे पाहिलं. मग हात केला, आणि सायकल चुन्याच्या रेघेवरून पलीकडे गेली.