चकचकीत पाइप

लुंगेलोच्या गाडीने सोवेटोतल्या आमच्या गल्लीची झोप उडवली होती. एअर फिल्टरचा साधा डबा काढून तिथे चांदीसारखा चकचकीत पाइप आणि लालभडक फिल्टर बसवलेला. वेग घेतला की गाडी दमेकरी बैलासारखी हुंकारायची, आणि थांबली की गल्लीतली पोरं बॉनेट उघडून नवरी बघावी तशी बघत बसायची.

म्हणून त्याच्याकडचे वडीलधारे माझ्या नातीला, नोक्वाझीला, मागणी घालायला आले, तेव्हा मी नकार द्यायचं ठरवूनच बसले होते. रिवाजाप्रमाणे ते फाटकाबाहेर उभे राहून आमच्या कुळाचा मोठेपणा ओरडून सांगत होते. त्यांचे घसे बसेपर्यंत मी फाटक उघडू दिलं नाही.

आत आल्याबरोबर तोंडावर सांगितलं, "ज्याला गाडी गुमान चालवता येत नाही, तो संसार काय चालवणार? पोरगी मिळायची नाही!"

त्याचे काका खुर्चीत चुळबुळले. "गोगो आजी, रागावू नका. आमच्या पोराला साधा पाना धरता येत नाही. तो पाइप तुमच्या नोक्वाझीने बसवलाय. दिसायला तिलाच आवडला, आणि आवाजही तिलाच."

मी नातीकडे पाहिलं. तिने झटकन हात पाठीमागे लपवले, पण नखांतलं काळं ग्रीस मला दिसलंच. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी डोक्याचा रुमाल नीट केला.



"असं होय! मग अशा कसबी हातांच्या पोरीसाठी आम्हाला द्यायच्या देजात दोन गायी वाढवा."