सातवा ठोका

अक्षताने यादीतल्या सातव्या ठोक्यापुढे ‘डमी’ असं टाइप केलं, लॅपटॉप मिटला आणि ती दवाखान्यात निघाली.

ठोका देखणा होता. सेकंदाचा हजारावा भाग, आणि तेवढ्यात सूर्य कित्येक दिवसांत ओततो तेवढी ऊर्जा. असे रेडिओ ठोके दूरच्या दीर्घिकांमधून अब्जावधी वर्षं चालत येतात आणि बहुतेक एकदाच येतात. हा जरा जास्तच देखणा होता. तिथेच तिला संशय आला.

पुण्यात पाषाणच्या त्यांच्या छोट्या संशोधन गटात एक रीत होती. ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीची नोंद मुलांच्या हाती देण्याआधी अनिरुद्ध सर तिच्यात गुपचूप दोन-चार नकली ठोके, म्हणजे डमी, मिसळायचे. मुलं जागी आहेत का ते बघायला. किती आणि कुठे, हे फक्त सरांना माहीत. तिमाही संपल्यावरच ते सांगत. पद्धत जगभर वापरतात, तिच्यात वाईट काही नाही. वाईट असतात ती माणसं.

दोन वर्षांपूर्वी अक्षताने असाच एक ठोका खरा म्हणून सगळ्यांसमोर मांडला होता. पेढेही नेले होते. सरांनी पेढा खाल्ला, रुमालाला बोटं पुसली आणि मग तो नकली असल्याचं सांगितलं.

"तुमच्याकडे आनंद झाला की डोळे मिटतात वाटतं," ते म्हणाले.

तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. कळूनच हसले.

तेव्हापासून जरा शंका आली की ती ‘डमी’ लिहून मोकळी व्हायची. डमी लिहिलं की मूळ नोंद त्याच आठवड्यात पुसली जायची. डिस्कवर जागा नसायची.

विश्रांतवाडीच्या दवाखान्यात तिचे बाबा, सीताराम, पडून होते. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. फुप्फुसं संपली होती. डॉक्टरांनी दोन दिवसांची भाषा केली होती. या माणसाने पंचशील नुसतं म्हटलं नाही, पाळलं. वरच्या साहेबासाठी खोटी सही केली नाही म्हणून बढती घालवली, आणि त्यावरून आईने, चंद्रभागाने, त्यांना तीस वर्षं ऐकवलं.

तिला पाहून त्यांनी मास्क बाजूला केला. सहा वर्षं रोज विचारत आले होते, तेच विचारलं.

"सापडलं का काही, बाळा?"

अक्षताने चादरीची सुरकुती सरळ केली.

"सापडलं, बाबा."

"कधीचं आहे?"

"पृथ्वी झाली तेव्हा निघालेलं."

"आणि पहिल्यांदा बघितलं कुणी?"

"मी."

त्यांनी मास्क परत लावला. संध्याकाळपर्यंत नर्सला, शेजारच्या पेशंटला, फरशी पुसणाऱ्या मावशींना, सगळ्यांना खुणा करून, अडखळत सांगून झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

दहाव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदन झालं. दोनशे माणसं होती. तिच्या भावाने, प्रज्ञेशने, बाबांच्या फोटोशेजारी मोठा फलक लावला होता. सीताराम यांच्या लेकीने आकाशातला नवा स्फोट शोधला, असं त्यावर छापलं होतं. बोलायला उठणारा प्रत्येक जण बाबांवरून तिच्यावर यायचा. कारखान्यातले एक म्हातारे सहकारी तर तिच्याकडे बघत नुसतेच रडले.

सुरुवातीला भन्तेंनी पंचशील दिलं, तेव्हा चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला तिचा आवाज फुटला नव्हता. आता ती उभी राहिली.

"मी बाबांशी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला काही सापडलेलं नाही. तो ठोका नकली होता. जायच्या आदल्या दिवशी, त्यांच्याशी, मी खोटं बोलले."

प्रज्ञेश उठला आणि फलकाच्या दोऱ्या सोडायला लागला. गाठी सुटेनात.

"तो माणूस तुझ्या शब्दावर गेला गं," आई म्हणाली. त्यानंतर ती अक्षताशी बोललीच नाही. घरी नाही, जेवताना नाही. ताट वाढायची आणि आत जायची.

तरी अक्षताला हलकं वाटलं. बाबांना आवडलं असतं तेच आपण केलं, असं तिने स्वतःला समजावलं. तिची मान वर होती.

सोमवारी तिमाहीची बैठक होती. सरांनी चहा मागवला, अक्षताशी बाबांबद्दल दोन वाक्यं बोलून घेतली आणि ओळखलेल्या डमी सांगायला पहिला नंबर तिचाच लावला. तिने सरळ सांगितलं. एकच होती, सातवी. लगेच ओळखली. नोंद पुसली.

सर बिस्किट बुडवता बुडवता थांबले.

"कसली डमी, मॅडम?" ते म्हणाले. "या तिमाहीत मी एकही घातली नव्हती. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत राहूनच गेलं."