मेवालालचा दगड

"रुकिए मास्साब," मेवालाल म्हणाला. "पत्थर बोल नहीं रहा."

नीलकंठरावांचा हात थांबला. ब्रह्मा घाटावरच्या घराच्या ओसरीत पाट मांडून ते मेवालालच्याच वस्तऱ्याला मेवालालच्याच दगडावर धार लावत होते. काचबिंदूनं डोळे गेलेला मेवालाल समोर स्टुलावर, गळ्याभोवती पंचा गुंडाळून, नुसत्या कानांनी त्यांची परीक्षा घेत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या मास्तरांना घाम फुटला होता.

चाळीस वर्षं ह्या माणसानं रामनगरहून नावेनं येऊन इथंच त्यांची दाढी केली होती. नजर गेली तेव्हा वस्तरा आणि दगड त्यांच्या ओंजळीत ठेवून तो परत गेला. आज संध्याकाळी त्याच्या नातीचं वऱ्हाड दारात येणार होतं. त्याच्या मुलांच्या सलूनमध्ये आता पत्तीचे, म्हणजे ब्लेडचे वस्तरे, आणि पत्ती तोंडाला लावून घ्यायची नाही हा म्हाताऱ्याचा हट्ट. म्हणून जावई त्याला सकाळीच रिक्षानं इथं सोडून गेला होता. नीलकंठरावांनी आजवर स्वतःच्या गालाखेरीज कुणाच्या गालाला वस्तरा लावलेला नव्हता. आज जरा हात चुकला, तर म्हातारा सगळ्या पाहुण्यांपुढे कापलेलं तोंड घेऊन उभा राहणार.

"पाठ और धार, दोनों पत्थर पर टिकी हैं?"

"टिकी हैं."

"तब आवाज काहे नहीं आती?" मेवालालनं हात पुढे केला, ओल्या दगडावरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. त्याच्या पांढऱ्या भुवया वर चढल्या. "मास्साब, ई त चंदन महकत बा."

"चंदनच आहे ते," दारातून बकुळ म्हणाली. लग्न होऊन दोन महिने झालेली सून चहा घेऊन आली होती. "सहाणेला तडा गेला ना बाबा, आणि हा इथंच कोनाड्यात कपड्यात बांधलेला होता. एकदम चिकना. मला वाटलं, दुसरी सहाण असेल. रोज ह्याच्यावरच देवाचं गंध उगाळते मी, आणि धुऊन जागच्या जागी ठेवते."

नीलकंठराव रोज वस्तरा नुसता तळहातावर फिरवत; दगड महिन्या-दोन महिन्यांनी एकदा काढत. त्यांना कळणार कसं? आणि आत देवघरात त्यांच्या पत्नी शरदिनीबाई होत्या. त्यांचं सोवळं अख्ख्या गल्लीला ठाऊक. मेवालालची पेटी त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. तो गेला की ओसरी धुतली जायची.

त्या बाहेर आल्याच. "वस्तऱ्याच्या दगडावरचं गंध? देवाला?"

मेवालाल चाचपडत उठला आणि हात जोडून उभा राहिला. "माफ करिहा मलकिन. बहुरिया नया बा. गलती हमरे पत्थर क बा."

दगडाची कसली चूक! नीलकंठरावांना स्वतःची लाज वाटली. चाळीस वर्षं ओसरी धुतली जाताना ते पेपर वाचत बसले होते. "शरदिनी," ते म्हणाले, "आज तो माझ्याकडे आलाय. त्याला एक शब्द बोलायचा नाही."

"पण आई," बकुळला अजून काही उमगलेलंच नव्हतं, "तुम्हीच तर रोज म्हणता, असं लोण्यासारखं गंध ह्या घरात कधी उगाळलं गेलं नाही."

महिनाभर शरदिनीबाईंनी हे कौतुक शेजारणींनासुद्धा ऐकवलं होतं.

"बहुरिया," मेवालालनं हळूच विचारलं, "त हमार पत्थर भित्तर गइल रहल? ठाकुरजी के लगे?"

"देवाजवळच, दादा. रोज."

"रोज," मेवालाल म्हणाला. त्यानं दगड चाचपून उचलला, कपाळाला लावला आणि तो तसाच धरून स्टुलावर बसला. न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी गालांच्या खुंटांवर ओघळलं. शरदिनीबाई आत निघून गेल्या.

नीलकंठरावांनी पाटीचा तुकडा घेऊन दगड घासला. पिवळट पाणी वाहून गेलं. मग धार पुढे करून वस्तरा ढकलला, पाठीवर उलटला, पुन्हा ढकलला. दगड खरखरला.

"अब बोला," मेवालाल म्हणाला. "हाथ हल्का."

हात हलका ठेवूनच त्यांनी मेवालालची दाढी करायला घेतली. गळ्याशी आल्यावर मेवालालनं मान मागे टाकली, निवांत, जशी ते स्वतः इतकी वर्षं टाकत आले होते. ह्याच्या हातात आपण इतक्यांदा गळा दिला आणि एकदाही रक्ताचा थेंब दिसला नाही, आणि एकदाही आपण त्याला तसं म्हटलं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"मेवालाल," ते म्हणाले, "बहुत किया तुमने मेरे लिए."

"बोलिए मत मास्साब. हाथ हिलेगा."

मेवालालनं गालांवरून, हनुवटीखालून तळवा फिरवला. "एक्को बाल ना छूटल," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला.

शरदिनीबाई दारात येऊन उभ्या होत्या. हातात वाटी होती, वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता. नीलकंठरावांना वाटलं, आता पाण्याची बादली येणार.

"बसून काय राहिलात?" त्या नवऱ्यावरच खेकसल्या. "नातीचं लग्न आहे त्यांच्या. त्यांनी आत येऊन देवापुढे अक्षता ठेवायला नकोत? हात धरा त्यांचा, उंबरा उंच आहे."