झाडावरचा शिंजीर

“ऐका, केवढ्यानं ओरडतोय!” वाटाड्या कुजबुजला. अंदमानातल्या त्या बेटावर कोल्हापूरची बारा माणसं माना वर करून उभी होती. एकेकाचा चेहरा खुलला. जोतीरामला काहीच ऐकू आलं नाही.

दुर्बिणीतून पक्षी मात्र स्पष्ट दिसत होता. अंगठ्याएवढा शिंजीर. पिवळं पोट, बाकदार चोच. चोच सारखी उघडत होती, मिटत होती.

“गप बसलाय की त्यो,” जोतीराम म्हणाला. सगळे हसले. त्यांना थट्टा वाटली. त्याची बायको संयोगिता तेवढी हसली नाही.

बरोबरच्या डॉक्टर पूर्णिमाताईंनी तो आवाज मोबाइलवर टिपला होता. आवाज पूर्ण वाढवून त्यांनी मोबाइल जोतीरामच्या कानाशी धरला.

“बिघडलाय तुमचा मोबाइल,” तो म्हणाला.

“काका, नोकरी कुठं होती?”

“शिरोलीत, फौंड्रीत. बत्तीस वर्षं. सुपरवायझर हुतो.”

“यंत्रांच्या आवाजानं कान हळूहळू जातात, काका. बारीक आवाज आधी. ज्याचे जातात त्याला कळतसुद्धा नाही.”

जोतीरामनं बायकोकडं बघितलं.

“दोन वर्षं झाली,” संयोगिता म्हणाली. “सांगाय गेलं की अंगावर येताय.”

माणसं पुढच्या झाडाकडं सरकली. जोतीराम तिथंच वाळूत बसला. दोन्ही कानांवर हात ठेवले, काढले. आणि त्याला केरबा आठवला. ग्राइंडिंगवरचा, त्याच्या हाताखालचा कामगार. चार-चार हाका मारल्या तरी केरबा वळून बघायचा नाही.

केरबा फौंड्रीतून गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. नंबर अजून मोबाइलमध्ये होता. त्यानं तो लावला. केरबाच्या बायकोनं, बयाबाईनं उचलला.

“केरबा हाय का?”

“हितंच बसल्यात की. पर त्यास्नी फोनवरचं ऐकू येत न्हाय. माझ्याजवळ सांगा, मी खुणंनं सांगते. कोण बोलतंय म्हणू?”

जोतीराम वाळूतून उठून उभा राहिला.

“बहिऱ्याचं सोंग करतोय म्हणून ज्यानं कामावरनं काढलं, त्यो बोलतोय म्हणा.”