हाताला हात

नव्या प्रयोगशाळेच्या पूजेआधी, सोवळं नेसलेल्या डॉ. सबनीसांनी पाहुण्यांना आपल्या लाडक्या प्रथिनाचा प्लास्टिकचा नमुना दाखवला. "या बघा दोन सारख्या साखळ्या, एकमेकींना कशा घट्ट धरून आहेत! हे प्रथिन अती झालं, की शरीर आपल्याच त्वचेवर उलटतं आणि सोरायसिस होतो. पण हात लावल्याने तो मुळीच पसरत नाही, हे मी घसा सुकेपर्यंत सांगतोय." टाळ्या पडल्या.

पूजा सुरू झाली. शेजारच्या पाटावर त्यांची बायको सुलभा खवल्यांनी भरलेला हात पदराखाली लपवून बसली होती.

"वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा," गुरुजी म्हणाले.

तिने हात पुढे केला. सबनीसांनी नाक आक्रसत आधी आपल्या मनगटावर रुमाल पसरला आणि मग ते पुटपुटले, "हं, आता लाव."

सुलभाला शिसारी आली. इतकी शिसारी तिला स्वतःच्या कातडीचीही कधी आली नव्हती.

ती उठली. तबकातली सुपारी तिने त्या रुमालावर ठेवली.

"गुरुजी, बायको नसली की यजमानाच्या कमरेला सुपारी खोचतात ना? हीच खोचा. हिला खवले नाहीत."