खिडकीत बसलेली नात

"धुळ्याहून सुरत दाखवायला आणलं, अन् हे ध्यान बसमधून उतरत नाही!" गोदाबाईंनी चारचौघांत नववीतल्या नातीचा, वंदनाचा, उद्धार केला. किल्ला झाला, बाजार झाला. गाईडने घारीचं, सुरतच्या खास मिठाईचं, आमिष दाखवलं, तरी पोर खिडकीतच.

डुमसच्या समुद्रकिनारी सहलीच्या बसगाड्यांची रांग लागली होती. विसरलेली पिशवी घ्यायला गोदाबाई परतल्या, तेव्हा गाईड विनवत होता, "बेबी, समुद्र तरी बघ!"

"नको काका. आजीला पाटी वाचता येत नाही. काल भलत्याच बसमध्ये चढली, सगळे हसले. मी खिडकीत दिसले की ती बरोबर येते."

गोदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.


"माझी लाज झाकायला दर्या सोडतेस होय गं? उतर खाली, कारटे! हरवलो तर दोघी हरवू!"