मुकुटवाली पुस्तिका

"बाई, काहीही करा, पण आज नवी पुस्तिका हवीच," म्हणत सेतो हॉनने आपली मुकुटाचं चित्र असलेली खलाशी-पुस्तिका टेबलावर आपटली. "सहाला जहाज सुटतंय."

युकलिनने चहाचा कप हातात धरूनच आतलं नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं. अठ्ठावीस वर्षं ती या नावाची वाट बघत होती. बंदराजवळच्या याउ मा तेई वस्तीतल्या गल्लीत खलाशांचे कागद करून देणारं टीचभर दुकान थाटलं होतं तेही त्याचसाठी. मेला कधी ना कधी कागदासाठी दारात येणारच, एवढं ती जाणून होती.

"आज तीस जून, कप्तान. कचेऱ्या बंद. रात्री बाराला राणीचा झेंडा उतरून सीमेपलीकडच्यांचा चढायचाय."

"म्हणून तर! उद्यापासून मुकुटवाल्या पुस्तिका रद्दी. अख्ख्या धक्क्यावर हीच बोंब आहे."

"बोंब तर आहेच," युकलिन म्हणाली. तिने कप शेजारच्या पालथ्या कागदावर टेकवला.

म्हातारा जवळ सरकला. "उद्या इथे राहिलो तर मेलोच. सीमेपलीकडच्या पोलिसांशी माझं जुनं वाकडं आहे. आता कप्तान म्हणून कोण घेतंय? दुय्यम अधिकारी म्हणून का होईना, जहाज मिळालंय. ते चुकलं तर संपलं सगळं."

युकलिनचे वडील, तोंग आचारी, याच सेतोच्या जहाजावर होते. रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या पुस्तिका कप्तानाकडे. खलाशांच्या वाटचा तांदूळ तू बाहेर विकतोस, असं तोंगने त्याला चारचौघांत सुनावलं. पुढे ब्राझीलच्या एका बंदरात तोंग कांदे आणायला उतरला, आणि सेतोने नांगर उचलला. खलाशाची ओळख सांगणारा कागद तेवढा एकच; पुस्तिकेविना तोंग कुठल्याच देशाचा नव्हता. तिथल्याच तुरुंगात खंगून गेला. युकलिनची आई सात वर्षं जेवताना त्याची वाटी मांडत राहिली.

"बंदर-कचेरीत माझा माणूस आहे," युकलिन म्हणाली. "ही ठेवून जा. पाचला धक्क्यावर भेटू."

"खलाशाने पुस्तिका हातची सोडायची?"

"तुमच्या जहाजावर खलाशांच्या कुठे असायच्या?"

"माझ्या कपाटात. एकदम सुखरूप!" सेतो दात काढून हसला.

"मग माझ्याही कपाटात सुखरूप राहील."

तिने पावती फाडून दिली. तो तिचे पुन्हा पुन्हा आभार मानत गेला. शेजारची काढेवाली काकू डोकावली. "कोण गं हा? तुझा चेहरा असा का झालाय?"

"बाबांच्या ओळखीचा," युकलिन म्हणाली. पुस्तिका कपाटात टाकून तिने कुलूप लावलं आणि तो कपाखालचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

पाच वाजले. साडेपाच झाले. सेतो धक्क्यावर येरझाऱ्या घालत होता. बॅग कधी या हातात, कधी त्या.

"आजोबा, कागद दाखवा, नाहीतर बाजूला व्हा!" लाँचवाला खेकसला. सेतोने पावती पुढे केली. लाँचवाल्याने ती वाचलीसुद्धा नाही. शेवटची लाँच त्याला न घेताच गेली.

तिकीटघराच्या आडोशाला उभी असलेली युकलिन सगळं बघत होती. तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. सहाला भोंगा वाजला. जहाज वळलं तशी ती सावकाश पुढे आली.

"बाई! जहाज गेलं की! होतात कुठे?"

"कांदे आणायला गेले होते."

सेतोच्या हातून बॅग सुटली. "कोण... कोण तू?"

"तोंग आचाऱ्याची लेक."

तो पडलेल्या बॅगेवरच बसला. मग त्याने हात जोडले. "नवी पुस्तिका तेवढी दे, पोरी. दुसरं जहाज बघतो. बाराला अजून वेळ आहे."

युकलिनने पिशवीतला कागद काढून त्याच्या हातावर ठेवला आणि वळून चालू लागली. पुस्तिका नव्हतीच ती. चहाच्या कपाचा गोल डाग पडलेलं, बंदर-कचेरीचं आठवड्यापूर्वीचं पत्रक होतं: मुकुटवाल्या जुन्या पुस्तिका मुदत संपेपर्यंत चालतील, बदलून घेण्याची गरज नाही.